पाय राखल्यानंतरचे जगणे

हात आणि पाय यांच्या हाडांत, किंवा स्नायू, चरबी यांसारख्या मऊ ऊतींत उद्भवणाऱ्या कर्करोगांना वैद्यकशास्त्र ‘सार्कोमा’ या एका नावाखाली एकत्र आणते. प्रौढांना होणाऱ्या सर्व कर्करोगांत सार्कोमांचा वाटा जेमतेम एक टक्का असला, तरी त्यांवरील शस्त्रक्रियेच्या इतिहासाला स्वतःचे महत्त्व आहे. कारण हाड घडवणाऱ्या पेशींपासून होणारा ऑस्टिओसार्कोमा हा त्यांतील सर्वांत परिचित प्रकार प्रामुख्याने दहा ते वीस या वयातील मुलामुलींना होतो, आणि तोही बहुधा गुडघ्याच्या लगत, म्हणजे वाढत्या वयात हाड जिथे सर्वांत वेगाने वाढते अशा जागी. उपचार यशस्वी झाला तर अशा रुग्णापुढे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य उरते, आणि ते कोणत्या पायावर उभे राहून काढायचे याचा निर्णय शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होऊन गेलेला असतो. गेल्या दीडशे वर्षांत शल्यवैद्यांनी या रोगाबाबत आधी ‘रुग्ण जगला का’ असे विचारले, नंतर ‘अवयव राहिला का’ असे विचारले, आणि ‘त्या अवयवाने काय करता येते’ हा प्रश्न विचारायला, शिवाय तो रुग्णालाच विचारला पाहिजे हे मान्य करायला, त्यांना १९८०चे दशक उजाडावे लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विच्छेदन, म्हणजे अवयव कापून वेगळा करणे, हे मुख्यतः युद्धातील जखमा, अपघात आणि सडलेली हाडे यांसाठी केले जाई, आणि भूल उपलब्ध नसल्यामुळे शल्यवैद्याचे कौशल्य त्याच्या वेगावर जोखले जाई. ऑक्टोबर १८४६मध्ये बोस्टन येथे ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टन यांनी ईथर देऊन एका रुग्णाचा पाय मांडीतून काढला, आणि १८६७मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखम निर्जंतुक राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वेदना आणि जंतुसंसर्ग हे दोन अडसर अशा रीतीने सैल होताच शस्त्रक्रियेचा आवाका वाढत गेला. पॅरिसचे पॉल बर्जे यांनी १८८७मध्ये संपूर्ण हात खांद्याच्या पात्यासह काढण्याच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला. पाय कमरेच्या अर्ध्या हाडासह काढण्याचा प्रयत्न थिओडोर बिलरोथ यांनी १८९१मध्ये केला, पण तो रुग्ण वाचला नाही, आणि तीच शस्त्रक्रिया १८९५मध्ये स्वित्झर्लंडमधील शार्ल जिरार यांच्या हातून सफल झाली. या काळात सफल याचा अर्थ रुग्ण जिवंत घरी गेला एवढाच होता. घरी गेल्यावर तो कसा उठला-बसला, कशावर पोट भरू लागला, याची नोंद ठेवणे हे शल्यवैद्याचे काम मानले जात नव्हते.

या वृत्तीला पहिला उघड विरोध बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी केला. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड असावे, किमान वर्षभराने त्याला पुन्हा गाठून उपचाराचा अंतिम परिणाम काय झाला हे त्यावर लिहावे, आणि अपयश आले असल्यास त्याचे कारणही नोंदवून ते जाहीर करावे, असा त्यांचा आग्रह होता. रुग्णालयांनी तो मानला नाही. १९१५मध्ये बोस्टनच्या वैद्यकीय वर्तुळाची खिल्ली उडवणारे व्यंगचित्र एका सभेत उघड केल्यामुळे ते आपल्या व्यवसायबंधूंच्या रोषाला पात्र झाले. याच कॉडमन यांनी १९२०च्या सुमारास हाडांच्या सार्कोमांची नोंदवही सुरू केली आणि देशभरातील शल्यवैद्यांकडून क्ष-किरणचित्रे, ऊतींचे नमुने व रुग्णांची पुढची हकीकत मागवायला आरंभ केला. हाडावरील आवरण गाठीमुळे उचलले जाऊन क्ष-किरणचित्रात जो त्रिकोण दिसतो, तो आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कॉडमन यांच्याच नावाने शिकवला जातो; मात्र शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे काय झाले हे विचारत राहण्याचा त्यांचा हट्ट त्या त्रिकोणापेक्षा अधिक मोलाचा होता.

त्या काळात या हट्टाला अनुकूल परिस्थिती नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. ऑस्टिओसार्कोमाची गाठ दिसू लागते तेव्हा बहुतेक रुग्णांच्या फुप्फुसांत त्याच्या पेशी आधीच पोहोचलेल्या असतात, त्यामुळे पाय तातडीने कापूनही दहांपैकी आठ रुग्ण वर्ष-दोन वर्षांत दगावत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयातील सर स्टॅनफर्ड केड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या भीषण हिशेबातून एक वेगळी पद्धत काढली. आधी गाठीवर जोरदार किरणोपचार करावा, मग काही महिने वाट पाहावी, आणि त्या अवधीत फुप्फुसात रोग उमटला नाही तरच विच्छेदन करावे, म्हणजे ज्याला मरण अटळ आहे त्याला निदान पाय गमावून मरावे लागणार नाही, अशी ही योजना होती. तिने जगणाऱ्यांची संख्या वाढली नाही, पण उरलेले आयुष्य कसे जाते याला उपचाराच्या आखणीतच स्थान देणारी ही या रोगातील पहिली पद्धतशीर मांडणी म्हणावी लागेल. पुढच्या पिढीने तिला कालबाह्य ठरवले, आणि ते योग्यही होते. तरीही तिच्यामागील करुणेचा विसर पडणे हा या इतिहासावर अन्याय होईल.

परिस्थिती पालटली ती औषधांमुळे. १९७०च्या दशकाच्या आरंभी बोस्टनमध्ये नॉर्मन जाफी यांनी मेथोट्रेक्सेट हे औषध अतिमोठ्या मात्रेत देऊन त्यामागोमाग त्याचा उतारा देण्याची पद्धत या रोगात वापरली, तर बफेलो येथे एंग्रासिओ कोर्टेस यांच्या गटाने एड्रियामायसिन या लाल रंगाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला. औषधांचा खरोखर लाभ होतो की नाही यावरचा वाद १९८६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीने मिटवला. तिच्यात शस्त्रक्रियेनंतर औषधे न मिळालेल्यांपैकी दोन वर्षांनी केवळ १७ टक्के रुग्ण रोगमुक्त होते, औषधे मिळालेल्यांत हे प्रमाण ६६ टक्के होते. दरम्यान न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रात एक महत्त्वाचा बदल जवळजवळ कारखानदारीच्या अडचणीतून घडून आला. काढलेल्या हाडाच्या जागी बसवायचा धातूचा सांधा प्रत्येक रुग्णाच्या मापाने घडवून घ्यावा लागे आणि त्याला दोन-तीन महिने लागत. तेवढा काळ रुग्णाला नुसते थांबवून ठेवणे धोक्याचे असल्यामुळे जेराल्ड रोझेन यांनी त्या अवधीत औषधे सुरू केली. शस्त्रक्रियेनंतर काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहता तिच्यातील किती पेशी मेल्या हे मोजता येऊ लागले, आणि ९० टक्क्यांहून अधिक पेशी मेलेल्या असतील तर रुग्ण जगण्याची शक्यता बरीच वाढते हे ध्यानात आले. आधी औषधे, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा औषधे हा आजचा सर्वमान्य क्रम सांधा तयार होण्याची वाट पाहताना जन्माला आला.

धातूच्या सांध्याचा इतिहास याहून जुना आहे. १९४०मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात ऑस्टिन मूर आणि हॅरल्ड बोलमन यांनी एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग गाठीसह काढून तिथे व्हायटॅलियम या मिश्रधातूचा घडवलेला भाग बसवला. इंग्लंडमध्ये स्टॅनमोर येथील अस्थिरुग्णालयात जॉन स्केल्स आदींनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून असे मोठे सांधे बनवायला घेतले, आणि वाढत्या मुलांच्या पायाबरोबर लांब करता येईल असा सांधाही तिथेच १९७०च्या दशकात तयार झाला. औषधांनी जगण्याची खात्री वाढवली आणि सीटी स्कॅन व एमआरआय यांनी गाठ नेमकी कुठपर्यंत पसरली आहे हे शस्त्रक्रियेपूर्वीच दाखवायला सुरुवात केली, तेव्हा ही तुरळक कारागिरी मुख्य प्रवाहात आली. फ्लॉरिडाचे विल्यम एनेकिंग यांनी १९८०मध्ये गाठीभोवती निरोगी ऊतींचा किती थर ठेवून ती काढली यावर शस्त्रक्रियांची प्रतवारी लावली. गाठ न उघडता निरोगी आवरणासह काढता येत असेल तर अवयव राखणे सुरक्षित आहे, हा विचार तिच्यामुळे शिस्तीत आला. ‘अवयवरक्षण’ हा शब्द यानंतर प्रगतीचा समानार्थी बनला.

नेमक्या याच उत्साहाच्या काळात त्याला धक्का देणारा एक निष्कर्ष समोर आला, आणि या संपूर्ण इतिहासातील तो सर्वांत मौल्यवान क्षण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने हात-पायांतील मऊ ऊतींच्या सार्कोमाचे ४३ रुग्ण चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले होते: १६ जणांचे विच्छेदन झाले, तर २७ जणांचा अवयव राखून त्यावर किरणोपचार करण्यात आला. १९८२मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत राखलेल्या गटातील चौघांना त्याच जागी रोग उलटला, विच्छेदनाच्या गटात कोणालाही नाही, आणि तरीही पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ८३ व ८८ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने भेद करता येणार नाही असे होते. अवयव राखल्याने जीव धोक्यात येत नाही हे यातून सिद्ध झाले. त्याच वर्षी त्याच संस्थेतील पॉल शुगरबेकर आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या जीवनमानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जीवनमान म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर हालचाल, स्वतःची कामे, मनःस्थिती, कौटुंबिक व लैंगिक जीवन, नोकरी या सर्वांचा रुग्णाला स्वतःला जाणवणारा दर्जा. ज्यांचा अवयव राखला ते अर्थातच अधिक सुखी असतील अशी सर्वांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तसे आढळले नाही, उलट काही बाबतींत विच्छेदन झालेल्यांची स्थिती बरी होती. किरणोपचाराने आखडलेली, सुजलेली, दुखरी मांडी घेऊन हिंडणाऱ्या माणसाला आपला पाय वाचला याचा आनंद होतोच असे नाही, हे कुणी विचारलेच नव्हते म्हणून कुणाला माहीत नव्हते.

या अभ्यासाचा परिणाम चांगला झाला. किरणोपचार करताना अवयवाचा संपूर्ण घेर न घेता एक पट्टी मोकळी ठेवावी, म्हणजे लसिकेचा प्रवाह चालू राहून सूज कमी राहते. सांधा शक्य तो किरणांच्या कक्षेबाहेर ठेवावा. व्यायामोपचार जखम भरल्याबरोबर सुरू करावा, या गोष्टींना वजन आले. किरणोपचार शस्त्रक्रियेच्या आधी करावा की नंतर, हा प्रश्न कॅनडातील १९० रुग्णांच्या एका चाचणीत तपासला गेला, आणि २००२मध्ये तिचे उत्तर आले ते दुधारी होते: आधी कमी मात्रेत किरण दिले तर जखम चिघळण्याचे प्रमाण १७ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर जाते, नंतर मोठ्या मात्रेत दिले तर ऊती कायमच्या कडक होण्याचा धोका वाढतो. आजचा काही महिन्यांचा त्रास की उद्याचा कायमचा ताठरपणा, अशी ही निवड आहे आणि अनेक केंद्रे पहिला पर्याय पत्करतात.

विचारायचे तर कसे विचारायचे, याचीही शास्त्रे तयार झाली. एनेकिंग यांच्या पुढाकाराने बनलेली आणि १९९३मध्ये आजच्या रूपात प्रसिद्ध झालेली अमेरिकी अस्थिअर्बुद संघटनेची गुणपद्धती सहा बाबी तपासते. पायासाठी त्या वेदना, कार्य, मनाने केलेला स्वीकार, काठी-कुबड्यांचा आधार, चालण्याची क्षमता आणि चालण्याची ढब अशा आहेत, प्रत्येकीला शून्य ते पाच गुण मिळतात, म्हणजे एकूण ३०. हे गुण मात्र डॉक्टर देतात. रुग्णाने स्वतः भरायची प्रश्नावली टोरांटोच्या आयलीन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये मांडली, आणि तिच्यात पायासाठी ३० कामे एकेक करून विचारली आहेत: मोजे घालणे, जिना उतरणे, गुडघे टेकून उठणे, गाडी चालवणे. डॉक्टरांनी दिलेले गुण आणि रुग्णाचा स्वतःचा अनुभव यांत अंतर पडते हे अशा साधनांनी वारंवार उघड केले. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला ऑस्टिओसार्कोमा झालेल्या २२७ रुग्णांचा बहुकेंद्री अमेरिकी अभ्यास १९९४मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पाय राखलेल्यांचे कार्यगुण अधिक होते, परंतु चालण्याची क्षमता, वेदना, आपल्या स्थितीचा स्वीकार आणि एकूण जीवनमान यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. विच्छेदन म्हणजे आयुष्याचा अंत अशी समजूत सामान्य लोकांतूनही तोपर्यंत ओसरू लागली होती. १९८०मध्ये टेरी फॉक्स या कॅनडातील तरुणाने मांडीतून कापलेल्या उजव्या पायाला कृत्रिम पाय लावून १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर धावून काढले, आणि त्याला थांबावे लागले ते फुप्फुसात रोग पसरल्यामुळे, पायामुळे नव्हे.

भारतात या रोगाचा संघटित उपचार मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाभोवती वाढला. कृत्रिम अवयवांची परंपरा मात्र वेगळ्या गरजेतून आली: पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४मध्ये दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी उघडले, हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५मध्ये, आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ‘जयपूर फूट’ घडवला. परदेशी कृत्रिम पावलाला बूट लागे, ते चिखलात टिकत नसे आणि त्यावर उकिडवे बसता येत नसे, म्हणून अनवाणी चालता येईल, शेतात उतरता येईल आणि घोट्यात वळेल असे रबराचे पाऊल त्यांनी बनवले. अवयवाने काय करता यायला हवे हे चालणाऱ्या माणसाच्या जमिनीवरून ठरवण्याचे जगाच्या इतिहासातील हे एक ठळक उदाहरण आहे, आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेने त्यापासून पुरेसे शिकून घेतले असे म्हणता येत नाही.

कर्करोगाच्या रुग्णांच्या बाबतीत भारतातील अडचणी दुहेरी होत्या. गुडघ्याजवळची सूज ही खेळताना लागलेल्या मारामुळे आली असे समजून गावातील हाडवैद्याकडून चोळून घेण्यात आठवडे-महिने जात, आणि रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत गाठ रक्तवाहिन्यांना भिडलेली असे. दुसरी अडचण पैशांची होती. मापाने बनवलेला परदेशी सांधा कित्येक लाखांचा, मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेटसाठी रक्तातील औषधाचे प्रमाण वारंवार तपासण्याची सोय आवश्यक. त्यामुळे ज्याचा पाय वैद्यकीय दृष्ट्या राखता आला असता त्याचाही तो खर्चापायी कापला गेला, असे चित्र दीर्घकाळ राहिले. यावर टाटा रुग्णालयाने मिळवलेली उत्तरे अभिमान वाटावा अशी आहेत. मेथोट्रेक्सेट वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फमाइड या तीन औषधांवर आधारलेला उपचारक्रम तिथे रूढ झाला. डॉ. मनीष अग्रवाल व डॉ. अजय पुरी यांच्या काळात देशी बनावटीचा सांधा वापरात आला, तर आयआयटी मुंबई आणि हैदराबादचे अलोह धातू तंत्रज्ञान केंद्र यांनी टायटॅनियमच्या सांध्याची रचना व घडण यांवर काम केले. गाठ असलेले हाड शरीराबाहेर काढून, साफ करून, त्याला एकदाच ५० ग्रे इतका मोठा किरणोपचार देऊन सगळ्या पेशी मारायच्या आणि तेच हाड पट्टी-स्क्रूंनी परत बसवायचे, ही पद्धतही तिथे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. मृताचे हाड मिळण्याची वानवा असलेल्या देशात ज्याचे हाड त्यालाच परत, हा मार्ग खर्चाने हलका आणि मापाने अचूक ठरला.

आता मूळ प्रश्न असा की, राखलेल्या पायाने भारतीय माणसाला काय करता येते. गुडघ्याचा बिजागरीसारखा धातूचा सांधा चांगला बसला तर रुग्ण बिनआधार चालतो, जिना चढतो, खुर्चीवर बसतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही कळतही नाही. पण गुडघा नव्वद ते एकशेवीस अंशांच्या आसपास वाकून थांबतो, आणि उकिडवे बसणे किंवा मांडी घालणे यांसाठी त्याहून बरेच अधिक वाकणे लागते, शिवाय जबरीने वाकवल्यास सांध्याच्या दांड्यावर ताण येऊन तो सैल होण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर या दोन्ही गोष्टींना स्पष्ट मनाई करतात. टोरांटोच्या प्रश्नावलीत बाथटबमध्ये उतरण्याचा आणि बागकामाचा प्रश्न आहे, मांडी घालून जेवायला बसण्याचा किंवा भारतीय पद्धतीच्या संडासाचा नाही. तिच्यावर ८५ टक्के गुण मिळवणारी व्यक्ती गावी गेल्यावर पंगतीत बसू शकत नाही, खळ्यावर धान्य निवडू शकत नाही, पूजेला पाटावर बसू शकत नाही आणि पहाटेच्या विधीसाठी तिला खुर्ची लागते. त्या प्रश्नावलीचा यात दोष नाही, कारण ती ज्या घरांसाठी बनली त्या घरांत हे प्रश्न नव्हतेच; ते इथे कुणी जोडले नाहीत, हा दोष इथला आहे.

शस्त्रक्रियेचे जुने, आता मागे पडलेले प्रकारही या निकषावर पुन्हा तोलून पाहण्यासारखे आहेत. गुडघा काढून मांडीचे व नडगीचे हाड एकमेकांना कायमचे जोडून टाकणे याला सांधाबंधन म्हणतात. असा पाय काठीसारखा ताठ राहतो, तो दणकट असतो, ओझे उचलून दिवसभर उभे राहणाऱ्याला वर्षानुवर्षे साथ देतो आणि त्यात मोडण्यासारखे यंत्र नसते. मात्र एसटीच्या किंवा लोकलच्या गर्दीत तो पसरून बसावे लागते. दुसरा प्रकार अधिक विलक्षण आहे. गाठीसह गुडघा व आसपासचा भाग काढायचा, रक्तवाहिन्या आणि नसा राखायच्या, खालचा पाय १८० अंशांत फिरवून मांडीच्या उरलेल्या हाडाला जोडायचा, म्हणजे टाच पुढे व बोटे मागे येऊन घोटा गुडघ्याचे काम करू लागतो. याला परिभ्रमण-पुनर्रचना म्हणता येईल. बोर्गग्रेव्ह यांनी १९३०मध्ये ही शस्त्रक्रिया क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यासाठी वर्णिली, डच शल्यवैद्य व्हॅन नेस यांनी १९५०मध्ये जन्मजात अपुऱ्या वाढीच्या पायासाठी, आणि व्हिएन्नात साल्झर व कोट्झ यांनी १९७०च्या दशकात ती हाडाच्या कर्करोगाकडे आणली. उलटे पाऊल पाहून आईवडिलांना धक्का बसतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण कृत्रिम पाय लावल्यावर मूल स्वतःच्या स्नायूंनी हलणारा गुडघा वापरून धावते, सायकल चालवते, वाढ संपेपर्यंत वारंवार शस्त्रक्रिया लागत नाही आणि खर्चही थोडा. म्हणूनच टाटा रुग्णालयातील शल्यवैद्यांनी २००७मध्ये, जग या पद्धतीपासून दूर जात असताना, ती भारतातील रुग्णांसाठी आजही उपयुक्त असल्याचे मांडले.

हाताचा प्रश्न याहून सोपा आणि कठीण दोन्ही आहे. पायाची जागा कृत्रिम पाय बऱ्याच अंशी भरून काढतो, बोटांची आणि स्पर्शाची जागा कोणताही कृत्रिम हात घेत नाही, त्यामुळे पंजा राखता येत असेल तर तो राखण्याला सहसा पर्याय नसतो. दंडाच्या हाडाचा वरचा भाग काढल्यानंतर खांदा जवळजवळ उचलला जात नाही, तरी कोपर व पंजा नीट काम करतात. असा रुग्ण लिहितो, घास घेतो, संगणकावर काम करतो. फळीवरचा डबा त्याच्या हाताला लागत नाही, आणि स्त्रीला स्वतःच्या हाताने अंबाडा घालता येत नाही की पाठीमागून पदर पुढे घेता येत नाही. गुणपद्धतीत या दोन गोष्टींचा उल्लेख नाही, पण रोज सकाळी दुसऱ्याची मदत मागावी लागणे हे ज्याच्या वाट्याला येते त्याच्या जीवनमानाचा तोच मोठा भाग असतो.

विच्छेदन झालेल्या रुग्णाचे पुनर्वसन हा बारीक हातकामाचा विषय आहे, आणि त्यात कसूर झाली तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते. थोट्यावर, म्हणजे कापून उरलेल्या भागावर, क्रेपची पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिरकी गुंडाळतात; ती टोकाशी घट्ट आणि वर जाताना सैल असावी लागते, कारण वरच्या बाजूला ती आवळली गेली तर थोटा टोकाशी सुजून कंदासारखा फुगतो आणि कृत्रिम पायाच्या कोशात बसत नाही. मांडीतून पाय काढलेल्या रुग्णाने थोट्याखाली उशी ठेवू नये आणि दिवसातून काही वेळ पालथे झोपावे, असे सांगितले जाते, नाहीतर कमरेचा सांधा पुढे वाकून आखडतो आणि मग सरळ उभे राहणेच शक्य होत नाही. मायेपोटी उशी ठेवणाऱ्या नातेवाइकांना हे समजावून सांगणे हा उपचारकाच्या कामाचा मोठा भाग असतो. नसलेल्या पायाची बोटे दुखतात, पिळवटतात, ही १८७१मध्ये सायलस वेअर मिचेल यांनी ‘भासमान अवयव’ असे नाव दिलेली अवस्था रुग्णाला आधी सांगितलेली नसेल, तर आपले डोके फिरले असे वाटून तो ती लपवतो. मांडीतून पाय गेलेल्याला त्याच वेगाने चालायला निरोगी माणसाच्या सुमारे दीडपट शक्ती खर्चावी लागते, म्हणून औषधांनी क्षीण झालेल्या मुलाला कृत्रिम पाय कधी लावायचा हेही ठरवून करावे लागते. पाय राखलेल्यांचे कष्ट याहून कमी नसतात: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणे, पाय सरळ उचलून धरणे, हे व्यायाम महिनोन्महिने करावे लागतात, आणि नडगीच्या वरच्या टोकाचा सांधा बसवला असेल तर वाटीखालची स्नायुबंधनी पुन्हा रुजेपर्यंत कित्येक आठवडे गुडघा वाकवायचाच नसतो.

औषधांच्या यशाने एक नवी अडचणही निर्माण केली आहे. पंधराव्या वर्षी बसवलेला सांधा पन्नास वर्षे टिकत नाही. तो सैल होतो, दांडा मोडतो, किंवा त्यात कित्येक वर्षांनंतरही जंतुसंसर्ग होतो, आणि जो रुग्ण कर्करोगातून पूर्ण बरा झाला आहे त्याला केवळ सांध्यासाठी दुसरी, तिसरी शस्त्रक्रिया करावी लागते, तर संसर्ग आटोक्यात न आल्यास काहींचा वर्षांपूर्वी राखलेला पाय अखेर कापावा लागतो. कायद्याच्या दृष्टीनेही राखलेला पाय अडचणीचा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. कापलेला पाय कोणालाही दिसतो, तर विजारीखाली झाकलेल्या, चालणाऱ्या पण न वाकणाऱ्या पायाचे मोजमाप मंडळापुढे सांध्याच्या हालचालीवरून व स्नायूंच्या बळावरून पटवून द्यावे लागते, आणि बसमध्ये राखीव आसन मागणाऱ्या धडधाकट दिसणाऱ्या तरुणाला ऐकून घ्यावे लागते ते वेगळेच.

कर्करोग रुग्णांच्या जीवनमानाची युरोपीय प्रश्नावली मराठीत आलेली आहे आणि टाटा रुग्णालयात डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांवर ती तपासलीही गेली आहे. म्हणजे मराठीत विचारणे शक्य आहे. हात-पायांच्या बाबतीत तिला पुढे नेताना जोडायच्या बाबी पुनर्वसन विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत: मांडी घालणे, उकिडवे बसून उठणे, बांधावरून व चिखलातून चालणे, डोक्यावर भारा किंवा हंडा घेऊन तोल सावरणे, एसटीची उंच पायरी चढणे, मूल कडेवर घेणे. उपचारानंतरची पहिली दोन वर्षे रुग्ण दर तीन महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणीला येतो, तेव्हा सर्वप्रथम छातीचे क्ष-किरणचित्र पाहिले जाते, आणि तसे ते पाहिलेच पाहिजे. परंतु या बाबी तेव्हा विचारून सांधा बदलता येत नाही. त्या शस्त्रक्रियेपूर्वी, निवड अजून खुली असताना, विचारायच्या आहेत. गुडघ्यावरची एकाच आकाराची गाठ बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबातल्या सोळा वर्षांच्या मुलाला आणि पुण्यात बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला झाली असेल, आणि दोघांनाही आपापले दिवसभराचे काम सांगू दिले गेले, तर त्या दोघांसाठी एकच शस्त्रक्रिया निवडली जाईल असे नाही.